पाण्याखालचा चहा

४ मार्च, सोमवार

सगळ्यात आधी आला तो लंबू. दाराच्या चौकटीला डोकं आपटलं आणि चौकटीलाच 'सॉरी' म्हणाला. तेवढ्यावरून मी ओळखलं, मुलगा चांगल्या घरचा आहे. त्याच्यामागून कप्तानबाई, हातात केकचा डबा, केस पांढरे आणि चाल अशी की जिनासुद्धा सावरून उभा राहील. आणि सगळ्यांच्या शेवटी, खालच्या पायरीवर बुटाच्या नाड्या सोडत बसलेली आपली टिटवी. या जिन्यावर जी लहानाची मोठी झाली, ती पाहुण्यांच्याही मागून आली!

आशीर्वाद लिहायचा राहिला बघ. तो वर कोपऱ्यात लिहिलाय. आधी तो घे आणि मग पुढे वाच.

तर काल रविवार. टिटवी म्हणाली होती, आजी, आमच्या विमानातली माणसं घेऊन येते, तुला बघायचंय त्यांना. मी म्हटलं, मी काय देखावा आहे? पण मनातून इतका आनंद झाला की सकाळीच दोन्ही खोल्या पुसून काढल्या. मग पाय घसरला. पडले नाही, नुसता घसरला, लगेच काळजीचं पत्र लिहू नकोस. विमानात म्हणे खूप जण असतात, पण पोरगी माझ्या खुर्च्या ओळखून आहे, तिने दोघांनाच आणलं. त्यातलीही एक खुर्ची लंबूखाली बसली. बसली म्हणजे मोडली. खालचा सायकलवाला वर आला, पाना घेऊन खुर्ची ठोकून गेला आणि जाताना केक खाऊन गेला. त्याला बघायचं होतं विमानवाले कसे दिसतात. "आपल्यासारखेच दिसतात की हो," म्हणाला. जरा हिरमुसला होता.

मी त्यांना सगळं विचारून घेतलं. कप्तानबाई विमान चालवतात. लंबू विमानाच्या पोटातून नळ्या सोडतो. एकेक नळी छोटी छत्री उघडून हळूहळू समुद्रात उतरते. तिचं डोकं वर तरंगत राहतं आणि खाली लांब तारेला एक कान लोंबकळतो. तो कान खोल पाण्यात जे ऐकतो, ते वर विमानात टिटवीच्या हेडफोनमध्ये येतं. म्हणजे आपल्या पोरीचं काम काय, तर सकाळपासून दिवस कलेपर्यंत आभाळात बसायचं आणि समुद्राचं पोट ऐकायचं. कुठे पाणबुडी लपलीय का ते शोधायचं.

हे तुला मी काय सांगतेय! तू उभं आयुष्य त्याच पोटात काढलंस. पण बाळा, मला आत्ता कुठे नीट कळलं. बापाने लपायचं, लेकीने शोधायचं. मी लंबूला म्हटलं, "आमच्या घरात लपाछपी पिढीजात आहे." तर तो इतका हसला की दुसरी खुर्चीही करकरली.

आता खरं ते ऐक.

चहा झाला. मी कप पुढे केले. टिटवीने साखर घातली, ढवळली, आणि चमचा कपाच्या कडेवर टिंग, टिंग असा दोनदा वाजवून बशीत पालथा घातला. तुझे वडील करायचे तसा. तू करतोस तसा. मला त्यात नवल वाटलं नाही, खाण तशी माती. पण लंबूचा घास हातात राहिला. तो ओरडलाच, "हाच! कप्तान, हाच तो आवाज!"

पोरीचा चेहरा असा उतरला की सांगता सोय नाही. कप्तानबाई हळूच म्हणाल्या, "लंबू, केक खा."

आता इतकं झाल्यावर मी सोडते होय? त्याला आत बोलावलं, म्हटलं, "जरा या बरणीचं झाकण उघडून दे रे, माझ्या बोटांत जोर नाही." झाकण आधीच सैल होतं. त्याने बिचाऱ्याने ते उघडलं आणि त्याच्याबरोबर तोंडही.

मला सगळं कळलंय, बाळा. दोन वर्षांपूर्वीचा तो सराव. आपलीच पाणबुडी लपणार, आपलंच विमान शोधणार. ती तुझी शेवटची फेरी होती. लंबू म्हणाला, "आजी, दिवसभर आम्ही नळ्या सोडत होतो आणि खाली काही म्हणजे काही नव्हतं. तुमच्या मुलाची पाणबुडी म्हणजे पाण्यात विरघळलेली साखर." हे ऐकून मला किती बरं वाटलं! तूच तर तिथे सगळ्यांना गप्प ठेवणारा. जाड मोजे घाला म्हणणारा, भांड्यांना फडकी बांधणारा. घरी आलास की माझ्या डब्यांच्या झाकणांखालीसुद्धा कापड घालायचास. आणि त्या दिवशी तूच, सवयीने, चहा ढवळून टिंग, टिंग केलंस. आणि वर आभाळात तुझ्या लेकीने ते ऐकलं.

मी तिथेच बरणी धरून उभी राहिले. मला ते सगळं दिसायलाच लागलं. तो एवढासा आवाज कपातून निघाला, लोखंडातून गेला, काळोख्या पाण्यातून वर वर आला आणि ढगांच्याही वर तिच्या कानाशी जाऊन थांबला. एवढा प्रवास तर माझ्या पत्रालाही जमत नाही.

दोन वर्षं तू मला लिहितोस, 'कामं आहेत.' ती सांगते, 'बाबांना वेळ नसतो.' आणि मी मधे बसून दोघांना आळीपाळीने हो म्हणते. आता नाही म्हणणार. एक एप्रिलला तिची बदली होतेय, पार दुसऱ्या टोकाच्या किनाऱ्यावर. तीन वर्षं तरी परत नाही. ती जाण्याआधी तुम्हा दोघांना मला एका टेबलापाशी बघायचंय. बाकी माझं काही मागणं नाही. गुडघा ठीक आहे.

तुझी आई

१४ मार्च, गुरुवार

तुझं कार्ड पोचलं. 'आई, पत्र मिळालं. वखारीत काम फार आहे. गुडघ्याला तेल लाव.' मी पालथं घालून बघितलं, मागे आणखी काही लिहिलंय का. मागे पोस्टाचा शिक्का होता. तो तुझ्यापेक्षा जास्त बोलका.

अरे, मी चार पानं लिहिली ती गुडघ्याबद्दल होती का?

असो. मला राग येत नाही, तू जाणतोसच. लहानपणी मी तुला मांजर म्हणायची. कधी घरात आलास, कधी गेलास, पत्ता नाही. दूध संपलं की कळायचं. असा माणूस पाणबुडीत जाईल नाही तर काय बँडमध्ये जाईल!

परवा टिटवी एकटीच आली. दुपारची. सुट्टी होती म्हणाली. मी मटार सोलत होते, ती खिडकीखाली जमिनीवर आडवी झाली, डोकं माझ्या मांडीवर, एवढी मोठी घोडी. मी सोलत होते, ती खात होती, भाजीला काही उरेना. आणि मग तिला बोलायची लहर आली. तुम्हा दोघांचं हे असं आहे, बोलला तर पाऊस, नाही तर कोरडं आभाळ.

ती म्हणाली, "आजी, वर गेलं की दिवस मोठा होतो. जमीन मागे जाते, मग पक्षी मागे जातात, मग नुसतं पाणी. ढगांच्या सावल्या पाण्यावर चरत असतात, गाईंसारख्या. फुगीर काचेची खिडकी आहे, तिच्यात डोकं घातलं की वाटतं आपण बाहेरच आहोत, विमान नाहीच. कधी कधी कप्तान एक इंजिन झोपवते, तेल वाचवायला. मग आवाज इतका मऊ होतो की मला तुझी शिलाई मशीन आठवते."

मी विचारलं, "आणि भीती?"

"भीती नाही वाटत. फक्त कधी कधी वाटतं, खाली कुणीतरी आहे, त्यालाही ठाऊक आहे वर कुणीतरी आहे, आणि दोघंही श्वास धरून बसलेत."

मग जरा वेळाने, शेंगा मोडत मोडत, "बाबांचं काही आलं का?"

मी म्हटलं, "आलं. तेल लाव म्हणाला."

हसली. पण डोळे हसले नाहीत. म्हणाली, "त्यांना वाटतं मी घरातलं बाहेर काढलं. इतक्या वर्षांचं त्यांचं नाव, आणि शेवटच्या फेरीत सगळे त्यांना चिडवत होते, लेकीने बापाला चहाच्या कपात पकडलं म्हणून. धक्क्यावर मी उभी होते. माझ्या समोरून गेले. थांबले नाहीत."

मटाराचा दाणा हातातच राहिला माझा.

बाळा, मी शाळा दोन यत्ता शिकले, पण तुला नऊ महिने पोटात ठेवलंय. तू तिच्यावर रागावलेला नाहीस. तुला लाज वाटली. बाकीच्यांना जन्मभर गप्प राहा म्हटलं आणि वाजला तो आपलाच चमचा. म्हणून समोरून तोंड चुकवून गेलास, आणि गेलास तो कुठे? डोंगरात, जिथे विहिरीलासुद्धा पाणी नाही, लाकडाच्या वखारीत! दिवसभर करवत किंचाळते तिथे तू बसतोस. मी शेजारणीला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, त्यांना तर शांतता आवडायची ना?" मी म्हटलं, आवडायचीच. आता शांततेत बसलं की त्याला स्वतःचाच चमचा ऐकू येत असेल.

चुकीचं असेल तर तसं लिही. पण लिही.

आणि एक आठवलं ते लिहून ठेवते. सूनबाई गेली तेव्हा टिटवी गुडघ्याएवढी होती. तू महिनोन्‌महिने पाण्याखाली, येणार कधी ते कुणाला सांगायचीही परवानगी नाही. पोरगी रोज शाळेतून यायची आणि एकदम वर यायची नाही. जिन्याच्या वळणावर थांबायची. मी वरून हाक मारायची, "काय गं, पाय मोडले का?" ती बोटाने गप्प म्हणायची. कान लावून उभी राहायची, जरा वेळ, मग मुकाट वर यायची. मला वाटायचं खेळते आहे. दार वाजवायचा नाहीस, चप्पल वाजवायचा नाहीस, बोलायचा नाहीस. मग घरात बाप आलाय हे पोरीने ओळखायचं तरी कशावरून?

मटाराची भाजी झालीच नाही. चहा आणि ब्रेड खाल्ला दोघींनी.

तुझी आई

२१ मार्च, गुरुवार

कालची मजा ऐकलीस तर वखार सोडून पळत येशील.

मला विमान बघायला नेलं! त्यांच्याकडे घरच्यांना आणायचा दिवस असतो. कप्तानबाईंनी गाडी पाठवली. सायकलवाल्याने गाडीचं दार उघडून धरलं, जशी मी कुठली राणी. शेजारीण गॅलरीत उभी होती. मी मुद्दाम दोनदा चढले. एकदा चढले, पिशवी विसरले म्हणून उतरले, परत चढले.

केवढं ते विमान! चार पंखे, नाक बोथट, आणि शेपटीला मागे लांब दांडा, जसा पळीला. तो दांडा म्हणे पाण्याखालचं लोखंड हुंगतो. आत गेलं तर आगगाडीच्या डब्यासारखं, पण बाकांच्या जागी पडदेच पडदे. मागे एक चिमुकलं स्वयंपाकघर, किटली कड्याला अडकवलेली. तिथे मला पटकन घरच्यासारखं वाटलं.

आणि बाळा, त्या विमानाला आंघोळ घालतात! समुद्रावरून आलं की अंगावर मीठ बसतं, म्हणून पाण्याच्या फवाऱ्यांतून चालत नेतात. आमच्यासमोरच एक आलं. दिवस मावळतीला होता, फवाऱ्यात इंद्रधनुष्य उठलं आणि ते एवढं धूड त्यातून डुलत डुलत गेलं, जशी नदीवरून परतणारी म्हैस. मी टाळ्या वाजवल्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले. लंबूनेही वाजवल्या, म्हणून बरं.

टिटवीने मला तिच्या खुर्चीत बसवलं. हेडफोन घातला. मी म्हटलं, "माझ्या मुलाचा आवाज लाव." ती म्हणाली, "तो नाही लावता येत आजी, तो कुलपात असतो." मग तिने समुद्राचा लावला. मी डोळे मिटले. आधी वाटलं तेलात मोहरी तडतडतेय. मी तसं म्हटलं तर ती हसत सुटली. ते म्हणे कोळंबीसारखे छोटे जीव असतात, ते बोटं मोडल्यासारखा आवाज करतात, हजारोंनी. मग तडतड मागे गेली आणि फार लांबून कुणीतरी कण्हल्यासारखं गायला लागलं. देवमासा. त्याला उत्तर आलं, त्याहून लांबून. मी किती वेळ बसले कोण जाणे. मला वाटलं मीच पाण्यात आहे, लुगडं फुगलंय, पायाखाली तळ नाही आणि तरी बुडत नाहीये. तू असाच राहायचास ना रे? मला उगीच वाटायचं तू अंधारात एकटा असतोस. तिथे तर केवढी वस्ती आहे.

डोळे उघडले तर शेजारी टिटवीच्या जागी कप्तानबाई. पोरीला कुणीतरी बाहेर बोलावलं होतं. बाई म्हणाल्या, "आजी, तुम्हाला एक सांगायचंय. ती सांगणार नाही."

त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

त्या दिवशी संध्याकाळ व्हायला आली होती. काहीच सापडलं नव्हतं, परत फिरायची वेळ झाली होती. विमानात काही ऐकू आलं की ते सांगायची ठरलेली भाषा असते, कुठल्या नळीत, कुठल्या दिशेला, काय. सगळ्यांच्या कानात ते एकदम जातं. टिटवीच्या कानात टिंग, टिंग आलं. आणि ती ठरलेलं काहीच बोलली नाही. सगळ्यांच्या हेडफोनमध्ये एका लहान मुलीचा आवाज आला, आनंदाने फुटलेला.

"बाबा आले!"

कप्तानबाई म्हणाल्या, "मला वाटलं दुसरंच कुणीतरी विमानात शिरलंय. मागे वळून बघितलं तर ती खुर्चीतून अर्धी उठलेली, जशी दाराकडे धावणार. मग तिचं तिलाच कळलं आपण काय बोललो, आणि दोन्ही हात तोंडावर ठेवले. पण तोवर सगळ्यांनी ऐकलं होतं. लंबूच्या पडद्यावर ती नळी दिसत होती. पुढचं काम आम्ही केलं, आजी. तिने बापाला पकडलं नाही. ती फक्त त्यांना भेटायला निघाली होती."

 

त्या पुढे म्हणाल्या, "काम संपलं. मी परत फिरायला लागले तर तिने विचारलं, कप्तान, नळी बुडेपर्यंत थांबू या का? त्या नळ्यांचा वेळ संपला की त्या आपोआप पाणी पिऊन तळाला जातात. मी विचारलं, कशाला? म्हणाली, त्यांचा चहा व्हायचाय अजून. मग मी एक इंजिन झोपवलं आणि गोल गोल फिरत राहिले. सूर्य बुडत होता. ती डोळे मिटून ऐकत होती, तुम्ही आत्ता बसला होतात तशी."

तर बाळा, तू खाली चहा प्यायलास, आणि तुझी लेक वर, तुझ्या डोक्यावर, तो संपेपर्यंत घिरट्या घालत बसली. तुला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. आता दोघांना आहे.

परतताना गाडीत तिचा हात धरला. ती म्हणाली, "काय झालं आजी? डोळे का ओले?" मी म्हटलं, "तुझ्या विमानाला आंघोळ घातली ना, त्याचे शिंतोडे."

हे पत्र सायकलवाल्याकडून आजच टपालात टाकते.

तुझी आई

२६ मार्च, मंगळवार

तुझं कार्ड आलं. एकच ओळ आहे. पोस्टमनने जिन्यातच वाचली असणार, तोसुद्धा हसत होता.

'चहा किती वाजता असतो?'

मी ते कार्ड आरशाच्या चौकटीत खोचलंय. येता जाता वाचते. शेजारणीला दाखवलं. ती म्हणाली, "एवढंच?" मी म्हटलं, तुला कळायचं नाही, हे आमच्या घराण्यातलं मोठं भाषण आहे.

टिटवीला मी काही सांगितलेलं नाही. मला सांगता येत नाही असं नाही, जीभ तर नुसती वळवळतेय. पण म्हटलं, तिच्या कानांचं काम तिचे कान करतील. तू फक्त त्या सगळ्यांच्या जरा आधी ये. सकाळची गाडी घेतलीस तर दुपारी पोचतोस. दार वाजवू नकोस, मी उघडंच ठेवते. चपला हातात घेऊन आलास तरी चालेल, तुझ्या मनासारखं. आत स्वयंपाकघरात बस. तुझा निळा कप मी वरच्या फळीवरून काढून घासून ठेवलाय, डब्यांच्या झाकणांखालची फडकी काढून धुवायला टाकलीत. जिन्यात पावलं वाजली की चहात साखर घाल आणि ढवळ. पुढचं तुला येतं.

ती जिन्याच्या वळणावर थांबेल. मी तिला ओळखून आहे, आजही थांबते.

सायकलवाला खुर्ची देतो म्हणालाय, लोखंडी, लंबूसाठी. केक कप्तानबाई आणतील. तू काही आणू नकोस, लाकूड तर मुळीच नको.

आणि तू विचारलंस त्याचं उत्तर. रविवारी, एकतीस तारखेला, चार वाजता परत येतो म्हणालेत सगळे.